अर्ध्यावर सोडलेला माग

एका राज्यात जखमा भरेनाशा झाल्या.

राज्य सुपीक होते. नद्या दुथडी भरून वाहत, कोठारे धान्याने ओसंडत. पण विळ्याने बोट कापले तर ते कापलेलेच राही. जखम चिघळत नसे, सुकत नसे, खपली धरत नसे. पहिल्या दिवशी जशी लाल, तशीच पुढच्या ऋतूतही लाल. सुतार रंध्याला हात लावायला भीत. न्हाव्यांनी वस्तरे पेटीत ठेवून दिले आणि थोरामोठ्यांच्या दाढ्या छातीवर रुळू लागल्या. दाया तर नवजात बाळाची नाळ कापायला धजावेनात. बाळ आणि त्याची वार एकाच टोपलीत ठेवून आया अंगाई म्हणत, आणि म्हणता म्हणता रडत.

त्या राज्याचा राजा भद्रसेन. त्याची राणी हेमलेखा गरोदर होती आणि तिचे दिवस भरत आले होते. राजा रोज तिच्या महालाच्या दाराशी जाई आणि आत न शिरता परत फिरे. कारण हे सारे कशामुळे घडले ते त्याला ठाऊक होते.

शरदात राजा शिकारीला गेला होता. उन्हे कलली, हाती काही लागले नव्हते, आणि दरीच्या पलीकडच्या कड्यावर एक सांबर येऊन उभा राहिला. असा सांबर त्या राज्यात कोणी पाहिला नव्हता. मानेवर सिंहासारखी आयाळ, शिंगे पळसाच्या फांद्यांसारखी पसरलेली. अंतर फार होते. बरोबरचे सरदार बघत होते. राजाने बाण सोडला. बाण लागला, सांबर डगमगला आणि झाडीत दिसेनासा झाला. सरदार म्हणाले, "महाराज, माग काढू या." राजा दमला होता, राजवाड्यात मेजवानी मांडली होती. तो म्हणाला, "उद्या पाहू." दुसऱ्या दिवशी पाऊस पडला, तिसऱ्या दिवशी परराज्याचे वकील आले, आणि उद्या काही उजाडला नाही. त्याच सुमाराला राज्यातली पहिली जखम भरायची राहिली.

दरबारी मांत्रिक विषमाक्षाने परातीतल्या पाण्यात पाहून सांगितले, "महाराज, तो सांबर वनाचा राजा आहे. त्याला मरण आलेले नाही आणि त्याची जखमही भरलेली नाही. ती उघडी आहे तोवर तुमच्या राज्यातली प्रत्येक जखम उघडी राहील. त्याला शोधा."

शोधायला सेनापती गेला. ढोल वाजवीत, शिकारी कुत्र्यांचे टोळके सोडीत गेला आणि ओंजळभर माणके घेऊन परत आला. सांबराच्या रक्ताचा थेंब जिथे पडला, तिथे त्याचे माणिक झाले होते. माणिक वेचले की आणखी पुढे जावेसे वाटेना. प्रधान गेला, तो पागोटेभर माणके घेऊन आला. शेवटी विषमाक्ष स्वतः गेला. त्याने उपरण्यात माणके बांधून आणली आणि नगराबाहेर मोठे घर बांधायला काढले. सांबर कोणालाच सापडला नाही, आणि वनाच्या वाटेवर आता डोळ्यांना दिसेल अशी एक खूणही उरली नाही.

तेव्हा राजाची थोरली बहीण सुवर्चा उत्तरेच्या सरहद्दीवरून परतली.

सुवर्चेने लग्न केले नव्हते. तिने सरहद्द राखली, आणि भद्रसेनाला लहानपणी धनुष्य धरायला तिनेच शिकवले. तिच्या केसांत आता रुपेरी बटा होत्या, चाल मात्र मांजरीसारखी. तिच्या पायाशी तिची कुत्री झिपरी असे. झिपरीला पाहून दरबारात कोणी हसले असते, तर नवल नव्हते. मातकट रंग, केसांच्या जटा, भुवयांचे केस डोळ्यांवर आलेले. ती भुंकत नसे. सशामागे धावत नसे. पण एकदा एखाद्या जनावराचा वास तिच्या नाकात शिरला, की त्या एका जनावरावाचून जगात दुसरे काही नाही अशी ती चालू लागे. सरहद्दीवरचे सैनिक म्हणत, सुवर्चादेवींचे डोळे आणि झिपरीचे नाक एकाच देवाने एकाच दिवशी घडवले असावे.

सुवर्चेने भावाला समोर बसवले.

"बाण लागल्यावर सांबराने काय केले? उडी मारली?"

"नाही अक्का. पाठ कमानीसारखी वाकवली आणि जड पावलांनी गेला."

सुवर्चेने डोळे मिटले. "पोटात लागला. भद्रा, पोटात बाण लागलेले जनावर लांब जात नाही. जवळच्या गर्दीत शिरते आणि बसते. त्याला बसू द्यायचे, आपणही थांबायचे, मग गुपचूप मागावर जायचे. तू गेला नाहीस. आणि मग माणसे धाडलीस ती ढोल घेऊन. प्रत्येक ढोलागणिक ते बिचारे उठले असेल आणि पुढे गेले असेल."

राजा म्हणाला, "मला शिक्षा करा. पण हेमलेखेच्या बाळाची नाळ कापता आली पाहिजे."

"शिक्षेचे नंतर पाहू. बाण मारलास ती जागा दाखव."

राजाने जागा दाखवली. सुवर्चा दरी ओलांडून पलीकडच्या कड्यावर गेली आणि गुडघ्यांवर बसली. माणके कधीच वेचली गेली होती, पावसाने माती धुतली होती. ती दगडादगडावरून बोटे फिरवीत राहिली. एका कपारीत तिला केस सापडले. बाणाने कापलेले, आखूड, टोकाला फिकट. पाठीचे केस गडद असतात, हे पोटाकडचे होते. तिने ते झिपरीच्या नाकाशी धरले.

झिपरीने वास घेतला. पुन्हा घेतला. मग जमिनीला नाक लावले आणि तिची शेपटी हळूच हलली. शरदातला वास शिशिरात उरत नाही, हे कोणीही सांगेल. पण त्या राज्यात कोणतीच जखम शिळी होत नव्हती, आणि जी जखम ताजी, तिचा वासही ताजा. आजवर कोणी तो हुंगला नव्हता, एवढेच.

सुवर्चेने लांब दोर झिपरीच्या पट्ट्याला बांधला. भात्यात मोजके बाण घेतले, कमरेला पाण्याचा चंबू लावला आणि ती निघाली.

वनाच्या वेशीवर सावरीच्या फांदीवर एक कोतवाल पक्षी बसला होता. काळा, दुभंगल्या शेपटीचा. तो हुबेहूब सेनापतीच्या आवाजात म्हणाला, "कोण जाते?"

"भद्रसेनाची बहीण."

पक्षी आता प्रधानाच्या आवाजात बोलला. "या वनात शिरणाऱ्याला तीन गोष्टी पाळाव्या लागतात. पुढच्या कुरणात चितळांचा कळप आहे. त्याच्यातून जायचे, पण एकानेही इशारा देता कामा नये. त्यानंतर वाटेवर जे पडले असेल ते उचलायचे नाही. आणि शेवटी जे सापडेल, त्याचे जे करणे असेल ते पुरे करायचे. यातले एकही चुकले, तर वनाची वाट मिटते."

"ठीक," म्हणाली सुवर्चा.

कुरणात चितळांचा कळप चरत होता. मधोमध एका झाडावर वानरांचा म्होरक्या पहारा करीत होता. सुवर्चेने कमरेच्या पिशवीतून चिमूटभर राख काढून हवेत सोडली. राख डावीकडे वाहत गेली. तशी ती डावीकडचा लांबचा फेरा घेऊन वाऱ्याच्या समोर आली, पोटावर आडवी झाली आणि सरपटू लागली. झिपरी तिच्या मागे, तिच्याच पोटऱ्यांना नाक लावून, तितकीच चपटी होऊन सरपटत होती.

चितळ मान वर करण्याआधी शेपटी हलवते. सुवर्चा त्या शेपट्यांकडे पाहत होती. शेपटी हलली की ती दगड होई. मान खाली गेली की ती पुन्हा हाताभर पुढे. एका मादीला काही शंका आली. तिने पाय आपटला आणि सरळ सुवर्चेच्या दिशेने टक लावली. सुवर्चेच्या गालावरून एक मुंगळा चालला होता. तो कानात शिरून बाहेर आला, तरी तिची पापणी हलली नाही. बाभळीचा काटा तिच्या मनगटात रुतला होता, रक्त निघत होते. तिने हात हलवला नाही. त्या राज्यात ती जखम कधीच भरणार नव्हती, हे तिला ठाऊक होते. शेवटी मादीने कान झाडले आणि चरायला लागली. सूर्य माथ्यावर आला तेव्हा त्या दोघी कुरणाच्या पलीकडे होत्या, आणि वानर झाडावर आपल्या पिलाच्या उवा काढीत होता.

पलीकडे दाट वन लागले. इथवर कोणी माणूस आला नव्हता, कारण इथे माणके तशीच पडली होती. पालापाचोळ्यावर, खडकावर, नेच्याच्या पानांवर. आधी ज्वारीच्या दाण्याएवढी, मग बोराएवढी. सुवर्चेने वाकून एकाकडे पाहिले. रंग काळपट, आत मळकट झाक. छातीची जखम असती तर माणिक लख्ख आणि फेसाळ दिसले असते. "पोटच," ती पुटपुटली. माणिक तिथेच राहू दिले आणि पुढे झाली.

झिपरी दोराच्या टोकाला चालली होती. नाक जमिनीला, खांदे सैल, एकसारखी चाल. एका ओढ्याशी ती थांबली, पाण्याच्या कडेने वर गेली, खाली गेली, पाण्यात उतरली आणि पलीकडच्या एका ओल्या मुळापाशी पुन्हा चालू लागली. सुवर्चा दोर कधी सोडी, कधी धरी. दोरातून तिला कुत्रीचे मन कळत होते. दोर ताठ झाला की वास गडद, ढिला पडला की वास हरवला. तेव्हा ती थांबे आणि झिपरीला आपले आपण शोधू देई.

मग एका उतारावर माणकांची ओळ सरळ पुढे एका गुहेकडे गेली. गुहेच्या तोंडाशी माणके आंब्याएवढी होती आणि आत तांबडा उजेड पसरला होता. झिपरी ओळीवरून थोडी चालली, थबकली, आणि वळून आल्या वाटेने मागे येऊ लागली.

"झिपरे, पुढे," सुवर्चा म्हणाली.

झिपरी खाली बसली.

सुवर्चेने दोर ओढला. झिपरीने पंजे मातीत रोवले. तिने मालकिणीकडे पाहिलेदेखील नाही. नाक वाऱ्यावर धरून ती बसून राहिली. त्याच वेळी वर फांदीवर कोतवाल उतरला आणि भद्रसेनाच्या आवाजात ओरडला, "अक्का! अक्का, परत या! बाळ झाले, राणीचे रक्त थांबत नाही! लवकर या!"

तो सुवर्चेच्या भावाचाच आवाज होता, लहानपणी विहिरीत पडला होता तेव्हाचा, घाबरलेला. ती वळली. एक पाऊल टाकले. मग तिची नजर कुत्रीकडे गेली.

झिपरीचा भद्रसेनावर फार जीव. सरहद्दीवरून राजवाड्यात आली, की तो अंगणात खोकला तरी ती माजघरातून धावत जाई. आणि आता तो जिवाच्या आकांताने हाका मारत होता, तर झिपरीचा कानही हलला नव्हता. जिथे भद्रसेनाचा वास नव्हता, तिथे तिच्यालेखी भद्रसेन नव्हता.

सुवर्चेने खोल श्वास घेतला. दोर सैल सोडला. "चुकले माझे," ती म्हणाली. "तू सांगशील तिकडे."

झिपरी उठली. आल्या वाटेने मागे आली, आणि एका उंबराजवळ तिने एकदम बाजूच्या कारवीत मान घातली. तिथे एकही माणिक नव्हते. सांबर गुहेत जाऊन आपल्याच पावलांवर मागे फिरला होता आणि इथून त्याने लांब उडी घेतली होती. घायाळ अंगाने, एवढ्या शुद्धीने. सुवर्चेच्या मनात त्या जनावराविषयी जो आदर दाटला, तो तिला आजवर कोणा राजाविषयी वाटला नव्हता.

कोतवाल फांदीवरून उडाला.

कारवीच्या पलीकडे एक पाणथळ जागा होती. उन्हे कलली होती. लव्हाळ्यात अंग टेकून तो सांबर बसला होता. आयाळ चिखलाने माखलेली, कुशीतून मोडक्या बाणाचे टोक बाहेर आलेले. त्याने मान वळवली. झिपरी जागच्या जागी आडवी झाली आणि तिने हनुवटी पंजांवर ठेवली.

"कोण?" सांबराने विचारले.

"ज्याने बाण मारला, त्याची बहीण."

"तो का आला नाही?"

"लाजतो."

"मी वाट पाहिली," सांबर म्हणाला. "पहिल्या संध्याकाळी मी त्या कड्याखालीच होतो. वाटले, येईल. ज्याने मारले तो येतो, अशी या वनाची आणि तुमच्या घराची जुनी बोली होती."

सुवर्चा त्याच्यापाशी गुडघे टेकून बसली. जखम पाहिली. तिच्या पिशवीत औषधी पाला होता. तिचा हात तिकडे गेला आणि थांबला. या राज्यात कोणतीच जखम भरत नव्हती. याची तर नव्हतीच.

"तू मला बरे करू शकत नाहीस," तो म्हणाला. "तुझ्या भावाने काम अर्धे टाकले आहे. ते तेवढे पुरे कर."

सुवर्चेने आयुष्यभर शिकार केली होती, पण असे जनावर समोर बसून तिच्याशी बोलत आहे आणि तिला धनुष्य उचलायचे आहे, हे कधी घडले नव्हते. "तुमच्यासारखा मी पाहिला नाही," ती म्हणाली. "तुम्हाला मारायला माझा हात उचलणार नाही."

"मग उद्या पाहू म्हणशील?"

सुवर्चेने चंबू सोडला आणि ओंजळीत पाणी धरले. सांबर ते सावकाश प्यायला. तिच्या मनगटावरचे रक्त त्या पाण्यात उतरले होते. तो तेही प्यायला.

"मी बसून मरणार नाही," तो म्हणाला. "दूर जाऊन उभी राहा."

सुवर्चा मागे सरली. सांबराने पुढचे पाय रोवले. एकदा कोसळला. पुन्हा रोवले. आणि तो उभा राहिला, आडवा, मान उंच, आयाळीवर मावळतीचे ऊन. साऱ्या वनात पान हलले नाही. सुवर्चेने बाण लावला. श्वास रोखला आणि पुढच्या पायामागे, जिथे हृदय असते तिथे, बाण सोडला.

सांबराने एक झेप घेतली, अशी की जणू त्याला कधी काही लागलेच नव्हते. तो लव्हाळे ओलांडून पलीकडच्या हिरवळीवर पोचला आणि तिथे शांतपणे पडला.

झिपरी उठली. कोणी न सांगता ती माग घेत त्याच्यापर्यंत गेली, अगदी दिसत असूनही नाक जमिनीला लावून, पाऊल न चुकवता. त्याच्या मानेपाशी बसली आणि तिने आयुष्यात पहिल्यांदा तोंड वर करून एकच लांब साद दिली.

वनभर पडलेली माणके फुटली. त्यांची तांबडी भुकटी झाली आणि मातीत मिसळली. नगरातल्या पेट्यांतली, गळ्यांतली, विषमाक्षाच्या घराच्या खांबांत बसवलेली, सगळी. सुवर्चेने मनगटाकडे पाहिले. काट्याच्या जखमेवर तपकिरी खपली धरत होती.

कोतवाल तिच्यासमोर येऊन बसला. त्याने चोच उघडली आणि एक साधी, किंचित खरखरीत शीळ घातली. तो त्याचा स्वतःचा आवाज होता. त्याचे त्यालाच नवल वाटले असावे, कारण त्याने ती पुन्हा घातली.

"जा," सुवर्चा म्हणाली, "राजाला घेऊन ये. म्हणावे, पायी ये. ढोल नको."

ती रात्रभर सांबरापाशी बसून राहिली, कोल्ह्यांना हाकीत. सकाळी कारवी हलली आणि भद्रसेन बाहेर आला. अनवाणी, चिखलाने गुडघ्यापर्यंत भरलेला. मागे चार माणसे बांबू घेऊन.

"अक्का," तो म्हणाला, "मुलगी झाली. काल संध्याकाळी. नाळ कापली. रक्त थांबले." मग त्याने हिरवळीवर पाहिले. तो सांबरापाशी गेला आणि त्याने कपाळ त्याच्या आयाळीला लावले. "मी आलो," तो हळूच म्हणाला.

सुवर्चेने एक बांबू उचलला.

"उशीर झाला," ती म्हणाली. "पण आलास. आता खांदा दे."

राजाने खांदा दिला. वाटेत माणसे बदलली, राजा बदलला नाही. झिपरी सर्वांच्या पुढे चालत होती, आणि नगराच्या वेशीवर लोकांनी वाट दिली ती आधी तिला, मग राजाला.

सांबराचे मांस राज्यातल्या बाळंतिणींच्या घरी गेले. काळजाचा वाटा झिपरीचा होता. तो राजाने स्वतःच्या हाताने तिच्यापुढे ठेवला आणि ती खाऊन होईतो तो उभा राहिला. शिंगे परत वनात, त्या हिरवळीवर नेऊन ठेवली. राजाने आज्ञा काढली, की माग काढणारे कुत्रे ज्याच्यासोबत नसेल त्याने धनुष्य उचलू नये, आणि ज्याच्या हातून जनावर घायाळ होईल त्याने ते सापडेपर्यंत घरी जेवू नये. त्या आज्ञेखाली पहिले नाव त्याने स्वतःचे घातले.

न्हाव्यांनी वस्तरे काढले, सुतारांनी रंधे काढले, टोपल्यांतली बाळे आयांच्या कुशीत आली. भरल्या पाण्याचे, भरल्या घरांचे ते राज्य भरल्या जखमांचेही झाले. ज्यांनी ऐकले त्यांच्याही जखमा अशाच भरोत, आणि ज्यांचे काही अर्ध्यावर राहिले असेल, त्यांना झिपरीसारखी सोबत मिळो.